अकरावा कोण?

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत आहे. जळगावला होता तोवर क्रिकेटवेडा, आता पक्का बेसबॉलवाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा फोन आला की विषय एकच, 'स्प्रिंग ट्रेनिंग'. म्हणजे हंगामाआधीचं सरावशिबिर. तिथले तीस संघ निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात उतरतात आणि सहा आठवडे आपसात सराव सामने खेळतात. निकालाला काडीची किंमत नाही. तरी लोक तिकीट काढून बघायला जातात!

का? तर चढाओढ बघायला. शिबिराला साठ-एक खेळाडू येतात आणि हंगाम सुरू होताना संघात राहतात 26. पहिल्या वीस-बावीस जणांची नावं सगळ्यांना आधीच पाठ असतात. खरी मारामारी असते ती शेवटच्या तीन-चार जागांसाठी. कुणी करार नसताना नुसत्या आमंत्रणावर आलेला, कुणी दुखापतीतून उठलेला, कुणी पस्तिशीचा. माझा भाऊ म्हणतो, "अरे भो, मोठे खेळाडू तर वर्षभर दिसतात. सव्विसावा कोण, ते बघण्यात मजा आहे."

त्याचं हे वाक्य डोक्यात राहिलं. आपल्याकडे क्रिकेटच्या इतिहासावर ढिगाने लिहिलं जातं, पण ते खेळलेल्यांबद्दल. जागा न मिळालेल्यांचा इतिहास लिहायचा तर काय दिसेल? तीन माणसं घेऊ. तिघांचंही क्रिकेट पुण्याच्या मैदानांवर बहरलं, आणि तिघांनाही वेगवेगळ्या कारणांनी हवी ती जागा मिळाली नाही.

पहिले पाळवणकर बाळू. डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपये पगारावर मैदानाची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी करायचे. गुण असा की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. पण जात चांभार, त्यामुळे मैदानात बरोबरीने खेळायचं आणि चहाच्या वेळी बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून प्यायचं. 1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तो धर्मवार वाटणी करून: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कप्तान पतियाळाचे महाराजा. त्या दौऱ्यावर बाळूंनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली. म्हणजे संघात जागा मिळाली तरी त्या जागेलाही एक छत होतं.

अमेरिकेत तेव्हा निराळं होतं असं कुणी समजू नये. काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारं बंदच होती. जॅकी रॉबिन्सन 1946 साली पहिल्यांदा फ्लोरिडाच्या शिबिराला गेला तेव्हा एका गावातून त्याला निघून जावं लागलं, दुसऱ्या एका गावाने सामन्याच्या दिवशी मैदानालाच कुलूप घातलं. तो ब्रुकलिनच्या संघातून खेळला ते 15 एप्रिल 1947 ला. तेव्हा चढाओढ खुली असते वगैरे म्हणताना शिबिराच्या फाटकावर कोण उभं आहे, हे आधी बघावं.

दुसरे प्रो. दि. ब. देवधर. संस्कृतचे प्राध्यापक. 1926 साली एम.सी.सी.चा संघ आला तेव्हा मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी 148 धावा काढल्या. पण हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळून पहिला सामना झाला 1932 साली, आणि तोवर देवधर चाळिशीला पोचले होते. त्या दौऱ्याच्या संघात त्यांचं नाव नव्हतं. कप्तान म्हणून गेले पोरबंदरचे महाराजा, ज्यांच्या धावा हाताच्या बोटांवर मोजता येतील. (कसोटीत नेतृत्व मात्र सी. के. नायडूंनी केलं.) देवधर परत आले आणि खेळत राहिले. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. त्यातल्या दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा काढल्या, वय वर्षं 48! पुढे 1944 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं. आता सांगा, चाळिशीत म्हातारं कोण ठरवलं?

तिसरे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. ही गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. आणि मध्यंतराला काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की आता पुरे. डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि खरंच सामना सोडून गेले. विक्रम राहिला तो राहिलाच.

आपण इथे हळहळतो आणि थांबतो. पण मला पुढची तारीख जास्त खुपते. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात होता. निंबाळकरांच्या त्या खेळीनंतर दोन आठवड्यांच्या आत, 31 डिसेंबरला, कलकत्त्याची कसोटी सुरू झाली. पुढे मद्रास, मग मुंबई. तीन कसोट्या बाकी होत्या आणि 443 वाला माणूस एकीतही नव्हता. 80 प्रथम श्रेणी सामने, 4841 धावा, सरासरी 48 च्या जवळ, आणि अधिकृत कसोटी शून्य.

अन्याय म्हणावं तर दुसरी बाजूही बघू. त्या मालिकेत रुसी मोदींनी 560 आणि विजय हजाऱ्यांनी 543 धावा काढल्या. यांतल्या कुणाला काढून निंबाळकरांना घ्यायचं? मधल्या फळीत जागाच मोकळी नव्हती असं कुणी म्हणालं तर ते अगदीच खोटं नाही. पण पाचही कसोट्यांत अकराच्या अकरा जण एवढे पक्के होते का, की एकदा आजमावूनसुद्धा बघू नये? खुपतं ते हे. नापास होणं वेगळं आणि परीक्षेला बसूच न देणं वेगळं.

आणि इथेच मला त्या बेसबॉलवाल्यांची पद्धत पटते. एक तर ते सहा आठवडे बघतात. एका दुपारी दोन षटकं टाकायला लावून 'बस, पुढचा' असं नाही. दुसरं, सव्विसात न बसलेल्याला खालच्या दर्जाच्या संघात पाठवतात, तिथून तो परत वर येऊ शकतो. आणि एखाद्याला असं वर्षानुवर्षं खाली दाबून ठेवता येऊ नये म्हणून नियम आहे. करारातल्या खेळाडूला ठरावीक हंगामच असं खाली पाठवता येतं, त्यानंतर दुसऱ्या संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. 2008 साली भारतात एक स्पर्धा घेऊन उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यांनी निवडले. पोरांनी त्याआधी बेसबॉल खेळलाही नव्हता. पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करार दिला. मोठ्या संघात दोघांपैकी कुणीच पोचलं नाही, पण जोखून झाल्यावर मागे राहिले, न जोखता नाही.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. 1906 साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे (नंदुरबार 1998 ला वेगळा झाला). क्रिकेटच्या नकाशात आपण पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. म्हणजे धुळ्याच्या पोराला निवड चाचणीसाठी साडेतीनशे किलोमीटर, जळगावच्या पोराला चारशेच्या आसपास. रात्रीच्या एसटीने निघायचं, पहाटे उतरायचं, तोंड धुवून पांढरे कपडे चढवायचे आणि नेटमध्ये उभं राहायचं. पुण्याचा पोरगा घरून पोहे खाऊन आलेला असतो. 2023 साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघ होते: पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. खान्देशच्या नावाचा एकही नाही.

जात आडवी आली बाळूंच्या, वय देवधरांच्या, भरलेल्या जागा निंबाळकरांच्या. आपल्या पोरांच्या आड अंतर येतं. हे कुणाच्या वाईटपणाने होत नाही, म्हणून त्याची बोंबही होत नाही. निवडणारे कदाचित अगदी प्रामाणिकपणे, समोर दिसेल त्यातून उत्तमच निवडत असतील. प्रश्न समोर कोण दिसतं, किती वेळ दिसतं, एवढाच आहे.

माझं मागणं फार नाही. संभाव्य खेळाडूंचं एखादं शिबिर वर्षाआड जळगाव-धुळ्यातही भरू दे. निवडणाऱ्यांनी एकदा रात्रीच्या एसटीने इकडे यावं आणि आठवडाभर राहून बघावं. भरीत-भाकरीची सोय आम्ही करू! त्यातून एकही पोरगा निवडला गेला नाही तरी चालेल. निदान घरी जाताना त्याला ठाऊक असेल की आपल्याला नीट बघितलं होतं.