राख की गाळ?

बीजिंगजवळील चौकौतिएन गुहेतील काळे थर व जळकी हाडे पाहून फ्रेंच धर्मगुरू आंरी ब्रॉय यांनी १९३१ साली निर्वाळा दिला : येथील आदिमानव विस्तव बाळगीत होता. एका धर्मगुरूचा शोध म्हणून मलाही त्याचे कौतुक होते. १९९८ साली स्टीव्ह वायनर व सहकाऱ्यांनी तेथील माती तपासली. हाडे भाजलेलीच होती; पण लाकडाच्या राखेचा मागमूस नव्हता. ज्याला चूल समजले, तो पाण्याने साचवलेला गाळ! आणि वणव्यात जळलेले हाडही वाहत येऊ शकतेच. याउलट दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची गवतापानांची राख २०१२ साली सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली गेली. ती जागची हललेली नव्हती, आणि गुहामुखापासून ३० मीटर आत होती. आकाशातील वीज तेथवर पोहोचणार कशी? चौकौतिएनचा वाद मात्र नव्या उत्खननानंतरही मिटलेला नाही.