गोटुल, प्रणयस्वातंत्र्य आणि मत्सर

मुक्त प्रणयाने मत्सर नाहीसा होतो काय, हा प्रश्न युरोपीय प्रहसनाने वारंवार हाताळला आहे. ज्याँ रन्वार यांच्या १९३९ मधील ‘खेळाचे नियम’ या चित्रपटात प्रेमिकांच्या लपंडावाचे हास्य अखेर एका मत्सरग्रस्त रखवालदाराच्या गोळीने थांबते. मध्य भारतातील अरण्यप्रदेशात मानवशास्त्रज्ञांपुढेही त्याच सुमारास हाच प्रश्न उभा होता.

व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये बस्तरच्या दंडामी माडियांतील शंभर खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यपान, गृहकलह व जादूटोण्याचा संशय यांबरोबर मत्सर हेही त्यांत एक कारण होते. मुरियांमध्ये असे गुन्हे कमी आढळतात, आणि त्याचे काही श्रेय गोटुलास द्यावे लागेल, असे त्यांचे मत होते. त्यांचा मुरियांवरील ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. काही गोटुलांत एकाच सोबत्याशी दीर्घकाळ राहण्यास मनाई असून नियमभंगास दंड होई, असे त्यात नमूद आहे. म्हणजे मत्सराचा अभाव हा तेथील निसर्गदत्त गुण नव्हे. तो शिस्तीने साधलेला होता. विवाहानंतर मात्र निष्ठेचीच अपेक्षा असे. जिला बाहेरच्यांनी स्वैराचार म्हटले, ती वस्तुतः नियमबद्ध व्यवस्था होती.

येथे चांद्याचा प्रश्न उपस्थित होतो. १९५६ पर्यंत चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा झाला. इंद्रावतीच्या अलीकडील भामरागड व एटापल्ली भागांतील माडियांतही गोटुल आहे. परंतु डोंगरी माडियांच्या गोटुलाविषयी ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये दिलेली माहिती वेगळी आहे: मुली सायंकाळी नाचगाण्यास येत, रात्री मात्र स्वगृही परतत. नाम एक असले तरी संस्था एक नव्हे.

हा भेद न पाळता मुरियांचे वर्णन सरसकट सर्व गोंडसमाजास लावले गेले. त्यामुळे माडिया तरुणतरुणींच्या शीलाविषयी बाहेरच्यांचे कुतूहल वाढले, आणि ग्रामसभा, अतिथिनिवास व संस्कारस्थान म्हणून गोटुलाचे असलेले महत्त्व झाकोळले. या भागाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक विधान कोणत्या जमातीविषयी, कोणत्या गावाविषयी आणि कोणत्या काळाविषयी आहे, हे प्रथम विचारावे. नियम ज्यांनी घडविले त्यांच्याकडूनच ते समजून घेतल्याशिवाय स्वातंत्र्य वा मत्सर यांविषयी निर्णय देणे उचित नाही.