तहसीलदार, मामलेदार आणि कलम ११५

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच दिवशी हजारो माणसे एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे गेली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या (तेव्हाच्या नावांच्या) पाच जिल्ह्यांतला कारकून रात्री हैदराबाद राज्याचा नोकर म्हणून निजला आणि सकाळी मुंबई राज्याचा नोकर म्हणून उठला. बदलीचा अर्ज त्याने केला नव्हता.

राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात त्याच्यासाठी एक तरतूद होती. आदल्या दिवसापर्यंत लागू असलेल्या नोकरीच्या शर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नव्हत्या. आम्हां युनियनवाल्यांना यातला 'पूर्वसंमती' हाच शब्द मोलाचा वाटतो. पगार देणाराच शर्तींचा धनी झाला, तर नोकराने दाद मागायची कोणाकडे?

पण ११ मे १९५७ च्या पत्राने केंद्राने काय केले पाहा! पगार, रजा, निवृत्तिवेतन यांना संरक्षण ठेवले. खातेनिहाय बढतीचे नियम मात्र राज्यांनी खुशाल बदलावेत, असे कळविले. म्हणजे संमती आगाऊ आणि घाऊक. दक्षिण कानड्यातील एका नोकराच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही कायद्याला पुरते असे ठरविले. माझ्या मते कलमाचा कणा तिथेच मोडला.

दुसरा पेच समान पदांचा. हैदराबादेत तहसीलदार, मुंबईत मामलेदार. कोण कोणाच्या बरोबरीचा? मे १९५६ मध्ये मुख्य सचिवांनी दिल्लीत चार कसोट्या ठरविल्या होत्या: काम, अधिकार व जबाबदारी, किमान पात्रता आणि पगार. पद जुळले तरी ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक घसरे, आणि डेप्युटी कलेक्टरची खुर्ची दूर जाई.

मराठवाड्यातले तहसीलदार याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. उशीर केला, हा सरकारचा आक्षेप १९७३ च्या निकालात टिकला नाही. बढतीची संधी घटणे म्हणजे शर्त बदलणे नव्हे, असे न्यायालय म्हणाले. पण महसूल विभागवार निवडयाद्या समान संधीच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केल्या. निम्मी हार, निम्मी जीत.

२००५ साली राज्याच्या वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. २००३ च्या वीज कायद्यातले १३३ वे कलम सांगते, हस्तांतरानंतरच्या शर्ती कोणत्याही प्रकारे कमी अनुकूल नसाव्यात. बढती हा शब्द त्यातही नाही.