अगस्तीचे कूळ

पावसाळ्याच्या उतरणीला पंचांगकर्ते जो अगस्त्योदय मुक्रर करतात, त्या सुमारास काशाची पांढरी फुले घालून अर्घ्य देण्याचा विधी छत्रपती संभाजीनगरात आता फारच थोड्या घरी उरला असावा. परंतु ज्या ताऱ्यासाठी तो बेतला गेला, त्याची कुळकथा या सुभ्याच्या इतिहासाइतकीच संमिश्र आहे.

विंध्य ओलांडून आलेल्या मुनीचे नाव दक्षिण क्षितिजावरील या तेजस्वी ताऱ्यास मिळाले. त्या मुनीचा आश्रम लोकपरंपरा प्रवरेकाठी अकोल्यास दाखविते, आणि तीच प्रवरा पुढे टोक्याजवळ, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर, गोदावरीला मिळते. वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्यचाराला स्वतंत्र अध्याय दिला खरा, पण उज्जयिनीपुरता उदयकाल सांगून इतर गावांचा काल गणिताने काढण्याचे काम त्याने ज्योतिष्यांवर सोपविले. ते गणित सुलभ केले कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने. शके 1442 च्या ग्रहलाघवात तो सांगतो की, गावच्या पलभेला, म्हणजे विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते तिला, आठांनी गुणावे. तो गुणाकार 98 मध्ये मिळवून येणाऱ्या अंशावर सूर्य पोचला की अगस्तीचा उदय, आणि 78 मधून वजा करून येणाऱ्या अंशावर अस्त. आपल्या शहराची पलभा सुमारे 4.34 अंगुळे, तेव्हा उदय सिंहेच्या तेराव्या अंशी, ऑगस्टच्या अखेरीस, आणि अस्त मेच्या अखेरीस पडतो. दोन आकड्यांत एवढे काम उरकणाऱ्या या दैवज्ञाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. मात्र ढगांचा हिशेब त्याच्या सूत्रात नाही, आणि ज्यास निश्चित दर्शन हवे त्याने फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून सतरा अंशांवर पाहावे.

मलिक अंबराने 1610 साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, त्या काळच्या फारसी जाणणाऱ्या मुनशींना हाच तारा सुहैल म्हणून परिचित होता. त्याच्या किरणांनी यमनी कातड्याला रंग चढतो, असा फारसी कवींचा संकेत. पंचतंत्राच्या परंपरेतील कथांना हुसेन वाइझ काशिफीने जे फारसी रूप दिले, त्याचे नाव आश्रयदात्याच्या तखल्लुसावरून अन्वारे सुहैली पडले, आणि अशा रीतीने विष्णुशर्म्याच्या गोष्टी अगस्तीचेच अरबी नाव मिरवीत हिंदुस्थानात परतल्या.

विसाव्या शतकातील वर्णपटांच्या दप्तरात त्याची नोंद पीतश्वेत महाराक्षसी तारा अशी झाली. अंतराविषयी मात्र मोठा तंटा होता. तो हिप्पार्कस उपग्रहाच्या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या मापनांनी बहुतांशी मिटला आणि सुमारे 310 प्रकाशवर्षे हा आकडा हाती आला, म्हणजे आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा निजामुल्मुल्काला दख्खनची पहिली सुभेदारी नुकतीच मिळाली होती. त्या अंतरावरून तेज सूर्याच्या सुमारे दहा हजार पट, व्यास सत्तर पटींहून थोडा अधिक आणि पृष्ठभागाचे तापमान 7,400 केल्व्हिनच्या आसपास ठरले. तेव्हा बऱ्याच अभ्यासकांनी त्याला महाराक्षसी पदावरून एक पायरी उतरवून तेजस्वी राक्षसी वर्गात बसविले. सूर्याच्या आठ-दहा पट वस्तुमानाचा हा तारा गर्भातील हायड्रोजन संपवून आता हेलियम जाळीत असावा, असे मानतात. आणि अशा ताऱ्यांची ही पिवळसर अवस्था अल्पकाळच टिकत असल्यामुळे त्याच्या जातीचे तारे आकाशात मुळातच थोडे.