गाडीचा स्टिरिओ घरच्या घरी बदलायचाय? मग कंपनीची एकही वायर कापू नका

गाडीचं इंजिन ठणठणीत आहे, एसी गार आहे, टायरही नवे आहेत. पण स्टिरिओ अजून सीडीच्या जमान्यातला. ॲपल कारप्ले आलं २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक गाड्यांमध्ये, आणि नंतरच्याही अनेक बेसिक मॉडेल्समध्ये, मोबाईलचा मॅप स्क्रीनवर दिसण्याची सोयच नाही. अशा वेळी स्टिरिओ ऑनलाइन मागवायचा, युट्यूबवर व्हिडिओ बघायचा आणि रविवारी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं, असा प्लॅन बरेच जण करतात.

हे काम जमण्यासारखं आहे का? हो. पण यात अवघड भाग डॅशबोर्ड उघडण्याचा नाही, मागच्या वायरींचा आहे. तिथे चुकलं तर बॅटरी उतरण्यापासून वायरिंग जळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून सगळं नीट समजून घेऊ.

आधी माप, मग खरेदी

स्टिरिओच्या बाबतीत सारखा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘डिन’. ही जर्मनीची मानकं ठरवणारी संस्था. तिने ठरवलेलं माप पुढे जगभर रूढ झालं. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाचा. डबल डिन म्हणजे तेवढीच रुंदी, पण उंची १०० मिलिमीटर. टोयोटाच्या अनेक गाड्यांमध्ये ही रुंदी २०० मिलिमीटरच्या आसपास असते.

७ इंची टचस्क्रीन सहसा डबल डिनच्या खाचेत बसतो. ९ इंची घ्यायचा असेल, तर तुमच्या गाडीच्या मॉडेलची आणि त्याच वर्षाची फ्रेम वेगळी घ्यावी लागते. मॉडेलचं नाव तेच राहतं, पण नव्या पिढीत डॅशबोर्ड बदललेला असतो. त्यामुळे ऑर्डर करताना वर्ष तपासाच.

खोक्यावरच्या ‘५० वॅट × ४’ या आकड्यालाही भुलू नका. साधा हिशोब करा. चार स्पीकरचे झाले २०० वॅट. पण स्टिरिओच्या मागे फ्यूज असतो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. १२ व्होल्टवर त्यातून जास्तीत जास्त १२० ते १८० वॅट येणार. मग बाहेर २०० कुठून पडणार? तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सलग मिळणारी ताकद प्रत्येक स्पीकरला साधारण २० वॅटच्या आसपास असते. गाडीत गाणी ऐकायला तेवढी पुरते.

कोणती वायर कशासाठी?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात:

- पिवळी: बॅटरीतून कायम येणारा १२ व्होल्टचा पुरवठा. घड्याळ आणि सेटिंग्ज याच्यावर टिकतात.
- लाल: चावी फिरवल्यावरच सुरू होणारा पुरवठा.
- काळी: अर्थिंग.
- केशरी: हेडलाइट लावले की स्क्रीनचा प्रकाश कमी करणारी.
- निळी-पांढरी: वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर तो सुरू करणारी.
- पांढरी आणि राखाडी: पुढचे डावा आणि उजवा स्पीकर.
- हिरवी आणि जांभळी: मागचे डावा आणि उजवा स्पीकर. स्पीकरच्या ज्या वायरवर काळी रेघ, ती निगेटिव्ह.

आता महत्त्वाची गोष्ट. हे रंग नव्या स्टिरिओचे आहेत, तुमच्या गाडीचे नाहीत. गाडीची कंपनी स्वतःचे रंग वापरते. त्यामुळे ‘पिवळीला पिवळी जोडली’ हा हिशोब इथे चालत नाही. फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये तर कायमच्या पुरवठ्याची आणि चावीच्या पुरवठ्याची जागाच नेहमीपेक्षा उलटी असते.

या दोन वायरी उलट्या जोडल्या, तर गाडी बंद केली की स्टिरिओ सगळं विसरतो. आणि दोन्ही कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, तर स्टिरिओ झोपतच नाही. समजा तो सतत अर्धा अँपिअर करंट खातोय, तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. छोट्या हॅचबॅकमध्ये बॅटरी बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे गाडी तीन दिवस उभी राहिली की सोमवारी सकाळी धक्का मारायला शेजारी शोधावे लागणार.

कापायचं नाही, कपलर लावायचा

यावर सोपा उपाय म्हणजे कपलर. याचं एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसतं आणि दुसरं नव्या स्टिरिओला. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्यातली नाना पेठ असो किंवा ऑनलाइन दुकान, मॉडेल सांगितलं की बहुतेक गाड्यांसाठी तो मिळतो.

घाईच्या कामात मूळ सॉकेट कापून वायरी पिळल्या जातात आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा गोंद सुटतो. वायर उघडी पडते, धक्क्यांनी हलते आणि कधीतरी लोखंडाला टेकते. कायमच्या पुरवठ्याची वायर असेल, तर चावी काढलेली असतानाही शॉर्टसर्किट होऊ शकतं. शिवाय वॉरंटीत असलेल्या गाडीची वायर कापलेली दिसली, तर इलेक्ट्रिकल बिघाडाचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. कपलर लावला असेल, तर गाडी विकताना जुना स्टिरिओ जसाच्या तसा परत बसवता येतो.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

१. जुन्या स्टिरिओला सुरक्षा कोड असेल तर आधी लिहून ठेवा. चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. साधारण दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज तोवर उतरते. आत पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात.

२. पॅनल काढायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, कारण स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात. हळूहळू एकेक क्लिप सोडवा. मग स्टिरिओचे स्क्रू काढा, तो पुढे ओढा आणि काहीही सोडवायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो काढा.

३. कपलर नव्या स्टिरिओला टेबलावरच जोडा. कुठे जोड द्यावाच लागला तर तो क्रिंप किंवा सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. स्पीकरची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला कधीच जोडू नका. स्टिरिओचा आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो.

४. शंका असेल तिथे मल्टिमीटर लावा. मोजण्यापुरती बॅटरी जोडा, पण उघडं टोक कुठेही टेकू देऊ नका. चावी बंद असताना १२ व्होल्ट दाखवणारी वायर कायमच्या पुरवठ्याची. चावी फिरवल्यावरच दाखवणारी असेल, ती लाल वायरची जोडीदार. मोजून झालं की बॅटरी पुन्हा सोडवा आणि मगच जोडणी करा.

५. पॅनल बंद करण्याआधी बॅटरी जोडून सगळं तपासा. आवाज एकेका स्पीकरवर नेऊन बघा. बास पातळ वाटला तर एखाद्या स्पीकरच्या दोन वायरी उलट लागल्या असतील. रेडिओ खरखरत असेल तर अँटेनाची पिन बघा. काही गाड्यांच्या अँटेनाला वीज लागते आणि त्यासाठी वेगळा ॲडॉप्टर मिळतो.

हँडब्रेकची वायर मात्र व्हिडिओत दाखवतात तशी थेट अर्थला जोडून टाकू नका. गाडी चालू असताना ड्रायव्हरसमोर व्हिडिओ लागू नये, यासाठीच ती दिलेली असते.

कुठे थांबायचं?

काही गाड्यांमध्ये हे काम घरी करू नये. एसीची सेटिंग्ज स्क्रीनमध्येच असतील, कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर असेल, किंवा मल्टिमीटरला चावीच्या पुरवठ्याची वायरच सापडत नसेल, तर गाडी बहुधा कॅन बसवर चालते. म्हणजे ‘चावी फिरली’, ‘रिव्हर्स पडला’ हे निरोप वेगळ्या वायरींऐवजी डेटाच्या एकाच जोडीतून जातात. तिथे मॉडेलप्रमाणे कॅन डीकोडर लागतो. स्टिअरिंगवरची बटणंही अनेकदा त्याच्याशिवाय चालत नाहीत.

अशा वेळी दुकानात जा, पण काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘कपलर लावणार की वायर कापणार?’ कापणार म्हणाले, तर पुढचं दुकान बघा.