मतदारयादी कोणाच्या हाती?

श्रोतेहो, दरेकसा मागे टाकले की आपली आगगाडी छत्तीसगडात शिरते. उत्तरेस बालाघाट लागूनच. गोंदियाच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी, गोंडी, सगळेच कानी पडते. अशा सरहद्दीच्या मुलखात मतदारयादी कोणी करावी, हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही.

घटनेच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी राज्यागणिक वेगळा आयोग होता. १५ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी देशभर एकच आयोग असावा, अशी दुरुस्ती मांडली. कारणही स्पष्ट सांगितले: काही प्रांतांत वंशाने, भाषेने वेगळ्या असलेल्या माणसांना यादीत येऊच दिले जात नाही. म्हणजे शेजाऱ्याची बोली निराळी, एवढ्यावरून त्याचे मत जायचे! पुढे १९५० साली लोकप्रतिनिधित्वाचा कायदा झाला आणि यादीचे नियम साऱ्या देशाला एकच लागू झाले. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली, यादीचा कायदा तोच राहिला. (जाता जाता सांगतो, १९५४ साली याच भंडारा मतदारसंघात पोटनिवडणुकीला बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि हरले.)

पहिल्या याद्यांच्या वेळी अडचण निघाली ती वेगळीच. उत्तरेकडे कित्येक बायांनी आपले नावच सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, बस्स! निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव हवेच, असा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख नावे गळाली. कठोर खरे; पण मला तो आग्रह योग्यच वाटतो.

आज आपल्याकडे गाठ पडते ती निराळ्याच गोष्टीशी. धान कापून झाले की माणसे कामासाठी नागपूरकडे निघतात. दाराला कुलूप दिसले म्हणून नाव काटता येते का? नाही. तात्पुरते बाहेर गेल्याने गावचे राहणे सुटत नाही, असे कायद्यातच आहे. उलट, गावात नुसते घर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासीही ठरत नाही. गाव सोडले या कारणाने नाव काढायचे, तर आधी त्या माणसाला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. गुरुजी, यादीचे काम पुष्कळदा तुमच्याच गळ्यात येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नवे नाव घालायला नमुना ६, हरकत घेऊन नाव काढायला ७, दुरुस्तीला किंवा सासरी गेलेल्या मुलीचे नाव तिकडे न्यायला ८.