मुक्ताईच्या मुलखातील चूल आणि पाकशाळा

कोणत्याही देवळाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे सर्वप्रथम शिखर, कळस, सभामंडप व गाभाऱ्याची फरशी यांचा विचार होतो, आणि ते योग्यच आहे. कळसासाठी देणगीदार पुढे येतो, घंटेसाठी येतो, संगमरवरी पाटीवर त्याचे नाव कोरले जाते. परंतु देवळाच्या मागील बाजूस पत्र्याखाली जी पाकशाळा असते तिच्यासाठी वर्गणी मागितली तर "ते पुढे पाहू" असे उत्तर मिळते. वास्तविक पाहता भाविक दर्शनासाठी क्षणभर उभा राहतो आणि प्रसादाच्या पंगतीत अर्धा तास बसतो. म्हणून या प्रसंगी आपल्या भागातील चुलीचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

ज्या मुलखाला आदिशक्ती मुक्ताईचे नाव आहे, तेथे हा विषय मुक्ताईपासूनच सुरू करावयास हवा. पूर्वीचे एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. परंपरेनुसार शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, वैशाख वद्य पक्षात तापीकाठी मेहूण येथे मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली. तिच्या चरित्रातील घराघरात सांगितली जाणारी कथा मात्र स्वयंपाकाचीच आहे. ज्ञानदेवांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताई कुंभारवाड्यात खापर आणावयास गेली. विसोबा चाटीने कुंभारांना ताकीद दिली की, संन्याशाच्या पोरांना भांडे देऊ नका. ती रित्या हाताने परत आली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नी चेतविला आणि त्यांच्या पाठीवर तिने मांडे भाजले. पुढे हाच विसोबा शरण आला व विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला.

या कथेकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते. परंतु त्यात एक व्यवहारही आहे. वाळीत टाकणाऱ्याने प्रथम काय अडविले, तर चुलीवरचे खापर. घराची चूल बंद पडली म्हणजे घर मोडते, हे त्या काळीही सर्वांना ठाऊक होते. खानदेशात पुरणाचे मांडे आजही खापरावरच भाजतात. हातावर फिरवीत मोठा केलेला मांडा पालथ्या खापरावर टाकणे हे कसबाचे काम असून ते सासूकडून सुनेकडे येते.

खानदेशातील जुने घर धाब्याचे असे. माळवद मातीचे, भिंती जाड, खिडक्या थोड्या. स्वयंपाकघर आत, बहुधा अंधारात. जमिनीवर मातीची चूल, तिच्या बाजूस वैल, शेजारी फुंकणी, कोपऱ्यात उतरंड, पाटा-वरवंटा व पाण्याचा रांजण. जळण म्हणजे गोवऱ्या, तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी भडकन पेटते व लवकर विझते, त्यामुळे भाकरी थापणारीस एका हाताने सारखे जळण सारावे लागे. धूर जाण्यास धाब्यातील लहानसा झरोका, तोही पावसाळ्यात झाकलेला. हिवाळ्यात त्या चुलीजवळ सारे घर शेकत बसे, निखाऱ्यात भरताची वांगी भाजली जात, हे खरे. पण ज्या बाईचे डोळे त्या धुरात चाळीस वर्षे पाणावले, तिला त्या चुलीचे कौतुक सांगणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

हा धूर घालविण्याचे प्रयत्न फार पूर्वी सुरू झाले. महात्मा गांधींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला व वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम चालविले. त्याच मगनवाडीतून 'मगन चूल' पुढे आली. तिचे तत्त्व साधे होते. जाळ एका तोंडाने आत, वर एकाहून अधिक भांडी आणि शेवटी भिंतीतून धुराडे. उष्णता वाया जात नाही व धूर बाहेर जातो. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. तरीही २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. पुष्कळ ठिकाणी धुराडे काजळीने भरले, ते साफ कोणी करावयाचे हे ठरले नव्हते. चुलीस तडा गेला तर दुरुस्तीस माणूस नव्हता. शेवटी बाईने जुनी चूल पुन्हा मांडली. वस्तू बसविणे सोपे, ती चालती ठेवणे अवघड, हा यातील धडा आहे.

दरम्यान रॉकेलचा स्टोव्ह आला. १९७७ मध्ये इंडियन ऑइलने कमी रॉकेलमध्ये चालणारा वातीचा 'नूतन' स्टोव्ह काढला. गॅस मात्र दीर्घकाळ शहरापुरताच होता. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेस प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे देण्यात आली. गॅस आला तसा ओटा आला आणि बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला.

याच भागात १९८२ साली तापीवरील हतनूर धरण पूर्ण झाले आणि फुगवट्यामुळे तापी-पूर्णेच्या काठची काही गावे उठली. भांडी गाडीत घालून नेता येतात, चूल नेता येत नाही. नव्या गावठाणात माती कालवून ती पुन्हा घालावी लागते. त्या वेळी ज्यांनी ती मोक्याच्या जागी, उजेडात घातली, त्यांच्या घरच्या बायांचे पुढचे कष्ट कमी झाले.

स्वयंपाकघराची मांडणी हे शास्त्रच आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक लहान स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या डब्यातील स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यासमोर ठेवले होते. पाणी, चिरण्याची जागा व शेगडी यांत चालावे किती लागते हे मोजून त्यांनी रचना केली. सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले. हेच गणित पन्नास माणसांच्या वा पाच हजारांच्या पंगतीसही लागू आहे.

आपल्याकडचा भंडारा म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. चर खोदून त्यावर कढया चढवावयाच्या, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या भाजावयाच्या किंवा उकडून तळावयाच्या. महाशिवरात्रीची चांगदेव-मुक्ताईची यात्रा असो की पंढरपूरच्या वाटेवरील मुक्ताईच्या पालखीचा मुक्काम, हजारोंचे जेवण असेच निघत आले. काम गावाचे, पण धूर सोसणारे हात ठराविक. मोठ्या देवस्थानांनी यावर उपाय शोधले. शिर्डी येथील साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करणारी यंत्रणा बसविली गेली. त्यासाठी छतावर आरशांच्या ७३ मोठ्या तबकड्या असून त्या वाफेवर अन्न शिजविण्याची सोय झाली.

गावच्या देवळास एवढे करता येणार नाही व तशी गरजही नाही. परंतु चार गोष्टी निश्चित करता येतील. पहिली, शेगड्यांवर धुराडे व समोर खिडकी. दुसरी, कोठी, धुण्याची मोरी व वाढप्यांचे दार एका ओळीत, म्हणजे उकळते वरण घेऊन कोणास गर्दीतून वाट काढावी लागणार नाही. तिसरी, फरशीला मोरीकडे उतार आणि गॅसच्या टाक्या भिंतीबाहेर. चौथी, दरवर्षी धुराडे व नळ्या साफ करण्यासाठी वेगळी ठेव.

यासोबत अंगणात, उघड्या पडवीत, एक मोठी मातीची चूल मात्र राखावी. खापर गॅसच्या लहान शेगडीवर नीट तापत नाही, त्यास पसरलेला जाळ लागतो. ती चूल गेली तर दहा-वीस वर्षांत मांडे भाजणारे हातही जातील. जुने टाकताना कष्ट टाकावेत, कसब टाकू नये.

खापर मिळाले नाही म्हणून मुक्ताईला एके काळी रडत परतावे लागले. तिच्याच मुलखात स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आता धुराने पाणी येऊ नये. कळसाच्या देणगीदाराइतकेच धुराड्याच्या देणगीदाराचे नाव पाटीवर असावे, हीच आदिशक्ती मुक्ताईच्या चरणी प्रार्थना.